भिंतीवरचा उपाशी माणूस

पोज्जाल्तो, संत अगाथाचा सण, १४८७

प्रिय मेओ,

तुझ्या डोक्यावर केस राहिलेत का? असतील तर पुढचे आहेत, की फक्त कानांमागचे? दाढी ठेवतोस का? वरचे पुढचे दात शाबूत आहेत ना?

हसू नकोस. नाताळच्या तुझ्या चिठ्ठीत नेहमीसारख्या दोनच ओळी होत्या. बरा आहे, आंकोनाच्या बंदरावर काम आहे. एवढ्यावरून माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. माझ्या वयाच्या बायका भावंडांचे चेहरे आठवत बसतात, म्हणून विचारते आहे असं समज.

इकडे मठातल्या सिस्टर पिएरा गेल्या. माझं अक्षर त्यांचं आहे. लहानपणी मला मठात शिकायला ठेवलं होतं, तेव्हा बोटांवर पट्टी मारून मारून त्यांनी ते वळवलं. शेवटी त्यांना भेटायला गेले, तर म्हणाल्या, "दियानोरा, तुझी ओळ अजून उजवीकडे चढते का गं?" चढते. ही बघ, आत्ताही चढते आहे.

त्या दिवशी मठाच्या प्रार्थनाघरात थोडी बसले. तू रंगवलेली मरियामाता तिथेच आहे. तिचे गाल आणखी काळे झालेत. चुन्याच्या ओल्या भिंतीवर शिशाचा पांढरा सफेता लावला की तो काळा पडतो, हे चित्रकाराच्या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत असतं, असं बाबा सगळ्या सिस्टरांसमोर ओरडले होते. मग त्यांचा हात उठला. तू एकोणीस वर्षांचा होतास. मी कुणाचीच बाजू घेत नाही, तेव्हाही घेतली नव्हती. पण एक सांगते. मठातल्या मुली तिला काळी आई म्हणतात आणि मेणबत्त्या तिच्यापुढेच लावतात. शेजारी बाबांनी काढलेली गोरीपान संत अॅन आहे, तिच्याकडे कुणी फिरकत नाही. सिस्टरांनी ती भिंत खरवडून काढायचं ठरवलं होतं, तेव्हा मुलींनी रडून मठ डोक्यावर घेतला म्हणे.

बाबा बरे आहेत. जेवतात. जेवताना अर्धा पाव मात्र रकाबीत काढून ठेवतात. दात नाहीत म्हणतात. दात आहेत.

केसांचं कळव.

तुझी ताई,
दियानोरा


पोज्जाल्तो, उपवासकाळाचा तिसरा आठवडा

प्रिय मेओ,

"केसांचं काय विचारतेस?" एवढंच लिहून तू पत्र परत धाडलंस. कागद महाग झाला आहे का तिकडे?

ते प्रश्न माझे नव्हते. आता लपवून उपयोग नाही, कारण बिंदो खेचरवाला तुला सांगेलच. लोकरीचे गठ्ठे घेऊन तो तुमच्या बंदरावर जातो, तुझी चिठ्ठी आणतो, हे बाबांना कळलं तेव्हापासून त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला आहे. रविवारी त्याला जेवायला बोलावलं. हरभऱ्याचं सार पुढे ठेवलं आणि त्यानं चमचा उचलायच्या आत विचारलं, "तू त्याला पाहिलंस?"

बिंदो म्हणाला, वखारीच्या दारात, संध्याकाळी, एकदाच पाहिला.

"नाक कसं आहे?"

"आहे की नाक."

"तसं नव्हे रे. हाड वर आलंय का? म्हाताऱ्या माणसाचं येतं तसं?"

"मास्तर, मी खेचरांचे दात बघतो. माणसांची नाकं बघत नाही."

बाबांनी त्याच्या पुढ्यातलं सार आपल्याकडे ओढलं. बिंदो जरा विचारात पडला. म्हणाला, माणसासारखाच माणूस आहे, दोन डोळे आहेत, डाव्या भुवईत खाच आहे. ती खाच ऐकून बाबांनी सार परत सरकवलं. लहानपणी तू परांचीवरून पडलास, तेव्हाची ती. मग बिंदो घास खाता खाता म्हणाला, "मला तर अंगानं भरलेला वाटला."

"थंडीचे दिवस होते ना?"

"होते."

"मग कपडे असतील," बाबा म्हणाले. "बंदरावर हमाली करणारा माणूस अंगानं कुठून भरणार?"

तू हमाली करतोस, असं बाबांनी कधीचं ठरवून टाकलं आहे. तू कधी काही लिहिलं नाहीस, मग त्यांनीच ठरवलं.

का विचारतात ते मला विचारू नकोस. म्हातारपण आहे. थंडी कमी होते आहे, बदामाला फुलं आली आहेत, आणि मला तू झाडावर चढून खाली फुलं टाकायचास ते आठवतं. मी झगा पसरून उभी राहायचे. तू मुद्दाम माझ्या डोक्यावर टाकायचास.

तुझी ताई,
दियानोरा


पोज्जाल्तो, ईस्टरच्या सणानंतरचा मंगळवार

प्रिय मेओ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतकं लांब पत्र तू मला आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस, आणि तेही रागावून. तेल घ्यायला डोंगराकडच्या एका गावी गेलास, पाऊस आला म्हणून तिथल्या देवळात शिरलास, आणि भिंतीवर संत मार्टिन आपला झगा फाडून ज्या भिकाऱ्याला देतो आहे, त्या भिकाऱ्याला तुझा चेहरा. भुवईतल्या खाचेसकट. देवळातली म्हातारी तुझ्याकडे आणि भिंतीकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि शेवटी तिनं तुला अर्धा कांदा देऊ केला. तू विचारतोस, हा काय प्रकार आहे.

तू विचारलंस, म्हणून आता सगळं सांगते.

तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी इथल्या बंधुमंडळानं बाबांना अन्नछत्राची मोठी भिंत दिली. शुक्रवारी गोरगरिबांना जेवण देतात ना, तो दालनभर लांब ओटा असलेला हॉल. बाबांनी पाच भाकरी आणि दोन माशांत प्रभूनं हजारोंना जेवू घातलं तो चमत्कार काढला. हिरवी टेकडी, मधोमध प्रभू, टोपल्या घेऊन फिरणारे शिष्य, आणि गवतावर बसलेला, उभा असलेला, वाट बघणारा सगळा गाव. आपलाच गाव. चीज विकणारी मोन्ना बेरता आहे, मठाच्या फाटकावरची लंगडी सिस्टर आहे. आणि सगळ्यांच्या सावल्या पडल्या आहेत. आपल्या खोऱ्यात तोवर चित्रातल्या माणसांना सावल्या नव्हत्या. लोक यायचे आणि खाली जमिनीकडे बघायचे, सावली फरशीवर उतरली आहे का म्हणून.

हे बाबांना कुठून सुचलं ते तुला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगायला आवडतं. आजोबांची चुन्याची भट्टी होती. मिसरूड फुटायच्या वयात बाबा चुन्याची गाडी घेऊन फ्लोरेन्सला गेले, आणि नदीपलीकडच्या एका चर्चमध्ये त्यांना ती भिंत दिसली, जिच्यातली माणसं जमिनीवर वजन टाकून उभी होती. बाबा बघत राहिले. बाहेर पाऊस आला, गाडीतला चुना फुगून धुमसायला लागला, खेचर दोर तोडून पळालं. बाबा घरी पायी आले आणि म्हणाले, मला भट्टी नको. अजूनही सांगताना त्यांना खेचराचं वाईट वाटतं. चुन्याचं वाटत नाही.

तर त्या भिंतीवर, टोपली घेतलेल्या संत बार्थोलोम्यूच्या शेजारी, एक तरुण उभा आहे. हात अर्धा पुढे केला आहे. त्याची पाळी अजून आलेली नाही. तो तू आहेस, मेओ. घर सोडलंस तेव्हाचा.

तू दारातून काय म्हणून गेलास ते तुला आठवतं का, माहीत नाही. उपाशी मरेन, पण या घरचा घास घेणार नाही. मी पाव कापत होते. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, आणि बोलणारा ते रस्त्यातच विसरतो. ऐकणारा विसरत नाही.

काही वर्षं गेली. एक दिवस बाबांनी त्या चेहऱ्यावरचा गिलावा छिन्नीनं उडवला. ओल लागली म्हणाले. ओल नव्हती. पहाटे नवा गिलावा लावून घेतला आणि तो सुकायच्या आत, दिवसभरात, तोच चेहरा पुन्हा काढला. या वेळी दाढी होती, गाल जरा बसलेले. मला म्हणाले, "मेओ आता काही तेवढा राहिला नसेल." तेवढंच. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

तेव्हापासून दर थोड्या वर्षांनी ते हेच करतात. टेकडी तीच, प्रभू तोच, मोन्ना बेरता मरून गेली तरी भिंतीवर तरुणच आहे. वय वाढतं ते फक्त तुझं. तुझ्याबरोबर नदीत पोहायला जाणारा लाप्पो कुंभार आठवतो? बाबा त्याच्या दुकानात जाऊन बसतात आणि त्याची मान बघतात, कपाळ बघतात. लाप्पोला टक्कल पडलं, त्या वर्षी तुलाही पडलं. लाप्पोचं पोट सुटलं तेव्हा मात्र बाबांनी ते घेतलं नाही. तू बारीक होत गेलास. गालांची हाडं वर आली, डोळे खोल गेले. गावातले लोक थट्टा करतात, "मास्तर, तुमचा माणूस रांगेत म्हातारा झाला की हो, अजून पाळी नाही आली त्याची?" बाबा म्हणतात, "येईल."

सकाळचं ऊन तिरपं आलं की तुझ्या डोक्याभोवती नव्या गिलाव्याचा सांधा दिसतो, गोल. लहान मुलांना वाटतं ते तेजोवलय आहे. ती तुला संत समजतात.

आता भिकाऱ्याचं. बाबांची भिंत बघायला लांबलांबचे चित्रकार येतात. सावल्या कशा पाडल्या, टेकडी मागे कशी गेली, ते कागदावर उतरवून घेतात. पण जाताना प्रत्येक जण तो उपाशी चेहरा घेऊन जातो. तसा दुसरीकडे कुठे नाही, म्हणतात. कॉर्तोनाला तू क्रुसावरचा चोर आहेस. अरेझ्झोच्या वाटेवर एका देवळात योब आहेस, राखेत बसलेला. आमच्या खोऱ्यात ज्याला ज्याला भूक काढायची असते, तो आता तुझा चेहरा काढतो. डोंगरापलीकडेही गेलास, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "रंग कसे लावलेत, विचार त्याला."

रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

तुझी ताई,
दियानोरा


पोज्जाल्तो, संत योहानाच्या सणाआधी

प्रिय मेओ,

तुझं उत्तर आलं. "तो चेहरा पुसून टाका."

मी ते बाबांना वाचून दाखवलं नाही. म्हटलं, मेओ लिहितो बरा आहे, माशांचा हंगाम चांगला आहे. त्यांनी विचारलं, "केसांचं?" म्हटलं, थोडे गेलेत. त्यांनी मान हलवली, जणू लाप्पोवरून त्यांना ते आधीच कळलं होतं. मग मी मठात जाऊन खोटं बोलल्याबद्दल काळ्या आईपुढे बसले. तिथे तुझ्या हातचं बघत बसलं की मला फारसं अपराधी वाटत नाही.

आता ऐक. बाबांना पत्र वाचता येत नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. दुधातून बघितल्यासारखं दिसतं म्हणतात. कडा दिसतात, मधलं विरघळतं. मी हे तुला कळवणार नव्हते. तू दया म्हणून यावंस असं मला कधी वाटलं नाही.

पण बंधुमंडळाला नवे कारभारी आले आहेत, बाल्दासारे. माणूस वाईट नाही. वर्षातून एकदा मंडळातले सभ्य गृहस्थ त्या हॉलमध्ये बसून जेवतात, आणि समोरून तू त्यांच्या ताटात बघत असतोस. घास उतरत नाही म्हणतात. मी बाल्दासारेंना म्हटलं, शुक्रवारी जेवायला येणाऱ्यांचे घास तर नीट उतरतात, त्यांना तो सोबतीचा वाटतो. ते म्हणाले, "मोन्ना दियानोरा, तुमच्याशी कोण वाद घालणार? मास्तरांना आणखी एकदा परवानगी आहे. एकदाच. थंडी पडायच्या आत. मग परांची मोडायची आणि त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही."

थंडीत चुना धरत नाही हे तुला सांगायला नको.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "एक चेहरा निघेल अजून हातून. पण या वेळी लाप्पोवरून नको. मला तो एकदा बघू दे. दिसेल तेवढा."

तर आता मी लपवण्यासारखं काही ठेवलेलं नाही. ये.

दियानोरा


पोज्जाल्तो, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण

प्रिय मेओ,

तुझं पत्र नाही. बिंदो रिकाम्या हातानं आला आणि बाबांना टाळायला मागच्या गल्लीनं गेला. बाबांनी त्याच्या खेचरांच्या घुंगरांचा आवाज ओळखला.

ऊन इतकं आहे की दुपारी गाव पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो. अशा वेळी मी अन्नछत्रात जाऊन बसते. गार असतं. झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा येतो आणि टेकडीवरून सरकत सरकत तुझ्यापर्यंत जातो. मी तुझ्याकडे बघत बसले की मला एकाखाली एक सगळे चेहरे दिसायला लागतात. सगळ्यात आत तो एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याच्यावर दाढीवाला, त्याच्यावर टक्कल पडलेला. खरं तर छिन्नीनं ते कधीच जमिनीवर पडले. मी झाडून भरले आहेत. पण भिंत विसरते असं मला वाटत नाही.

काल तिथेच डोळा लागला. स्वप्नात मी टेकडीवर होते, गवत खरं होतं, टोचत होतं. मी झगा पसरून उभी होते आणि शिष्य टोपल्यांतून बदामाची फुलं वाटत होते. तुझी पाळी आली. तू म्हणालास, "ताई, हे खातात का?" मी तुझा चेहरा बघायला वर पाहिलं, आणि तिथे नुसता ओला गिलावा होता, पांढरा, कुणीतरी यायची वाट बघत असलेला.

जागी झाले तेव्हा सिएनाचा चित्रकार गाल्गानो समोर बसून तुझा चेहरा उतरवत होता. स्वतःचं मोठं दुकान आहे त्याचं. उजेड गेला म्हणून काम अर्धवट राहिलं; परतीच्या वाटेवर पुन्हा येईन म्हणाला. जाताना विचारलं, "हा माणूस कोण? इथलाच का?" मी म्हटलं, इथलाच. मग वाटलं, खरंच का?

बाबा चुना मुरवताहेत. हौदात हात घालून बघतात, सायीसारखा झाला का म्हणून.

तुझी ताई,
दियानोरा


पोज्जाल्तो, संत लूकचा सण, चित्रकारांचा

प्रिय मेओ,

बिंदोनं आज एक पिंप आणून दारात ठेवलं. खारवलेले मासे. चिठ्ठी नाही. मी विचारलं, तोंडी काही निरोप? म्हणाला, "मासे पोहोचव म्हणाला."

बाबांनी पिंपाला हात लावला, वास घेतला. "हे त्यानं खायचे सोडून पाठवले," म्हणाले. आणि एकही खाल्ला नाही.

परांची बांधून झाली आहे. तुझ्या जुन्या चेहऱ्याला अजून छिन्नी लागलेली नाही. पहाटे गवतावर गोठलेलं दव पांढरं दिसायला लागलं आहे. येणार असलास तर खिंडीतून येऊ नकोस, खालच्या वाटेनं ये. येणार नसलास तर तेही लिही. मी तेसुद्धा वाचून दाखवणार नाही.

दियानोरा


पोज्जाल्तो, संत आंद्रेचा सण

प्रिय मेओ,

तू नीट पोहोचलास, हे बिंदोकडून कळलं. स्तानाला माझा आशीर्वाद सांग. इतकी वर्षं बायकोचं नावही कळवलं नाहीस, याबद्दल तुझ्याशी मी वेगळं भांडणार आहे. बंदरावर काम आहे म्हणे. खानावळ आहे हे लिहायला किती शाई लागली असती?

तू होतास तोवरचं तुला माहीत आहे. पण तुझे डोळे मिटलेले होते, म्हणून ते आधी सांगते.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मीसुद्धा तुला ओळखलं नाही. मला वाटलं कारभाऱ्यांकडून कुणीतरी आलं. इतक्या वर्षांत गावातल्या कुत्र्यालाही तुझा चेहरा पाठ झाला होता, आणि तू सबंध गावातून चालत आलास तरी कुणी वळून बघितलं नाही. मग मला भुवई दिसली. मी काही बोलायच्या आत बाबा आतून म्हणाले, "कोण आहे? इतक्या जड पावलांचं?"

तू त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसलास आणि डोळे मिटलेस. त्यांनी हात तुझ्या डोक्यावर ठेवले. टक्कल चाचपलं आणि स्वतःशीच मान हलवली, बरोबर आलं म्हणून. भुवईवर आले. खाचेत बोट ठेवून थांबले. त्यांचे ओठ हलत होते, ते तू पाहिलं नाहीस. मग अंगठे खाली घसरले, जिथे हाडं असायला हवी होती तिथे. आणि थांबले.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"गाल आहेत, बाबा."

"कुणाचे?"

"माझेच."

त्यांनी पुन्हा चाचपून पाहिलं. हनुवटी पाहिली, तिच्याखालची दुसरी हनुवटी पाहिली. तुला वाटलं ते रागावले. म्हणून तू घाईघाईनं म्हणालास, "बाबा, मी रोज जेवत होतो. दोन्ही वेळा."

त्या वेळी त्यांचा चेहरा कसा झाला ते तू पाहायला हवं होतंस. परांचीवर मागे सरून, डोळे बारीक करून, कामात कुठे चुकलं ते सापडलं की त्यांचा व्हायचा, तसा. "चुकलो," म्हणाले. "सगळंच चुकलं की रे." आणि हसायला लागले. मी त्यांना असं हसताना पाहिलं ते आपली आई होती तेव्हा.

मग तू जेवलास. पिंपातले मासे, माझं सार, आणि दोनदा मागून पाव घेतलास. या घरचा.

तू निघालास तेव्हा थंडीनं जमीन दगडासारखी झाली होती, चुना धरला नसता. तुला वाईट वाटत होतं की इतकं येऊन चेहरा निघालाच नाही. बाबा म्हणाले होते, जाऊ दे त्याला, खानावळ बंद ठेवू नये, माझ्या हातांनी बघितलं आहे. तू गेल्यावर रोज सकाळी ते दोन्ही तळवे हवेत समोरासमोर धरायचे आणि मला विचारायचे, "एवढे ना?" मी म्हणायचे, एवढेच. रात्रीतून माप हातातून सांडेल, अशी त्यांना भीती.

आणि संत मार्टिननं आपला उन्हाळा पाठवला. दरवर्षी येतो तसाच, थंडीच्या मधोमध चार उबदार दिवस. गोठलेलं गवत सुटलं, लोक दारात बसून नवी वाईन प्यायला लागले. बाबांनी पहाटे गवंड्याला उठवलं. परांचीवर मी त्यांच्या मागे, आणि ते तळवे तसेच धरून, भरलेलं भांडं न्यावं तसे चढले.

गवंडी म्हणाला, "मास्तर, एवढ्या जागेत हे मावणार नाही." खरंच मावेना. शेजारी संत बार्थोलोम्यू उभा होता, ज्याच्या नावाचं लाडकं रूप तुझं मेओ. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्याला म्हणावं जरा सरकून घे." त्याचा अर्धा खांदा छिन्नीनं उडवला आणि ती जागा तुझ्या गालाला दिली. आता संत थोडा तिरपा उभा आहे, जत्रेत आपण जाड्या माणसाला वाट देतो तसा.

मी रंगांची भांडी हाताशी देत होते. ते बोटांनी कडा शोधायचे आणि कुंचला टेकवायचे. काही ठिकाणी रंग ओघळला आहे. एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली आहे. तरुणपणी असं काम कुणी केलं असतं तर त्यांनी छिन्नी हातात घेतली असती. पण संध्याकाळी चुना आवळला, आणि तू होतास. हात मात्र जुनाच आहे, अर्धा पुढे केलेला. त्याला त्यांनी धक्का लावला नाही. गंमत बघ, गाल भरल्यावर तो हात मागणारा राहिलाच नाही. मागच्या माणसाला आधी द्या, असं म्हणतो आहे.

बाल्दासारे येऊन बघून गेले. बराच वेळ उभे होते. "हा कोण नवीन?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "जुनाच." परांची मोडायला त्यांनी माणसं मात्र हळू हाताची पाठवली.

गाल्गानो परवा आला, राहिलेलं चित्र पुरं करायला. कागद काढला, वर पाहिलं आणि गोंधळला. आपल्या कागदावरचा चेहरा आणि भिंत पुन्हा पुन्हा ताडून बघायला लागला. शेवटी बाबांना विचारलं, "मास्तर, तो उपाशी माणूस कुठे गेला?"

"जेवायला गेला," बाबा म्हणाले.

त्याला ती थट्टा वाटली. बाबा त्याला गंभीरपणे सांगायला लागले की कॉर्तोनाचा चोर, वाटेवरचा योब आणि डोंगरापलीकडचा तो भिकारी, सगळे चुकीचे आहेत, त्या त्या देवळांना कळवायला हवं. मी त्यांना समजावलं की आता ते राहू द्यावं. तर आमच्या भिंतीखेरीज बाकी सगळीकडे तू अजून उपाशीच आहेस. तेलाला जाशील तेव्हा त्या म्हातारीचा कांदा घेत जा.

आज दुपारी आम्ही दोघंच जेवायला होतो. सवयीनं मी ती अर्ध्या पावाची रकाबी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चाचपून ती ओळखली आणि माझ्याकडे परत सरकवली. मग सगळा पाव खाल्ला, शेवटच्या तुकड्यानं भांडं पुसलं, आणि विचारलं, अजून आहे का.

तुझी ताई,
दियानोरा